पोर्चखालचं बिऱ्हाड

बर्नडिन वाखोवियाकने उभा जन्म विस्कॉन्सिनातल्या त्या गावात शाळेची बस चालवली. दंगा करणाऱ्या पोरांना ती नुसत्या आरशातल्या नजरेने गप्प करायची. ती निवृत्त झाली, नजर झाली नाही.

दर चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, गावाची मिरवणूक तिच्या पोर्चपुढून जाते. वडिलांच्या काळापासून सगळं गणगोत तिथेच खुर्च्या टाकून बसतं. यंदा मात्र तिने पोर्चला दोरी बांधली. खाली स्कंकची, म्हणजे घाण वासाचा फवारा मारणाऱ्या काळ्या-पांढऱ्या जनावराची, मादी व्याली होती.

आदल्या दुपारी धाकटा भाऊ नॉर्बर्ट फळ्या आणि हातोडा घेऊनच आला.

"झोपली असेल ना आत्ता? पोर्चखालचं भोक बुजवतो. विषय संपला."

"रेनेही असंच बुजवलं होतं." रे म्हणजे तिचा दिवंगत नवरा. "आई पिलांसकट आत अडकली. आख्खा उन्हाळा आम्ही नाक धरून जेवलो. वर फवारा खाल्लेल्या कुत्र्याला त्याने वास जावा म्हणून माझ्या बरण्यांतल्या टोमॅटोच्या रसाने आंघोळ घातली. कुत्रा गुलाबी झाला, वास तसाच."

"म्हणजे बाबांच्या पोर्चवर आम्ही बसायचं नाही?"

"बाबा गेले. घर माझं आहे. पिलं आईमागे चालायला लागेपर्यंत इथे फळी लागणार नाही."

"लोक हसतील, बर्नी."

"हसू देत. हसण्याला वास नसतो."

दुसऱ्या दिवशी सगळे गॅरेजपुढे बसले. सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड खाताखाता कुरकुर चालूच होती.

संध्याकाळी नॉर्बर्ट प्लेट घेऊन हिरवळीवरून येत असताना पोर्चखालून मादी बाहेर आली, मागे पिलांची रांग. त्याला बघून ती थबकली आणि शेपटी उभारून पुढचे पाय जमिनीवर आपटू लागली, फवारा सोडण्याआधीचा इशारा.

"नॉर्बर्ट, पळू नकोस. हळूहळू मागे सरक." बर्नडिनचा आवाज बसमधलाच होता.

तो सरकला. मादीने शेपटी खाली केली आणि पिलांना घेऊन कुंपणाकडे निघून गेली.

बर्नडिनने पावलं उमटावीत म्हणून भोकाशी पीठ पसरलं. मग दिवा लावला आणि रेडिओवर मोठ्याने पोल्काची नाचगाणी लावून दिली, मादीला परत यायची इच्छा होऊ नये म्हणून. सकाळी पिठात बाहेर जाणारी पावलं दिसत, तर कधी आत येणारीही. मग एकदा फक्त बाहेर जाणारीच दिसली. तिने पुन्हा पीठ पसरून पाहिलं, ते तसंच कोरं राहिलं. तेव्हा तिने कुदळ घेतली आणि पोर्चच्या कडेने चर खणला.

नॉर्बर्ट हातोडा घेऊन हजर झाला. "आता तरी ठोकू?"

"तू ही तारेची जाळी धर. खालची कड बाहेर वाकवून मातीत जाऊ दे, म्हणजे पुन्हा कुणी उकरून आत शिरणार नाही." तिने हातोडा त्याच्या हातातून काढून घेतला. "ठोकणार मी."