मानपत्रवाले राघोत्तम राव

निरोपाची मानपत्रं लिहायला राघोत्तम रावांना कोणी शिकवलं नाही. बाकी सगळं ते फी भरून शिकले. टायपिंगची लोअर, मग हायर, मग शॉर्टहँड, मग टपालाने व्यापारी पत्रलेखनाचा कोर्स, मग हिंदीच्या परीक्षा. एका परीक्षेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी ते पुढच्या परीक्षेची चौकशी करायला जात. मद्रासमध्ये वेस्ट मांबलमच्या घरातली भिंत प्रमाणपत्रांनी भरली, तेव्हा त्यांच्या बायकोने, भवानीने, कॅलेंडर न्हाणीघराच्या दाराला टांगलं आणि विचारलं, "अहो, देवाचा फोटो भिंतीवर राहू द्यायचा का, की त्यानंपण परीक्षा पास होऊन यायचं?"

नोकरी जॉर्ज टाउनमधल्या मिरचीच्या पेढीवर. तिथे शिंकत शिंकतच कामं चालत. मालक चेट्टियार तमिळमधून सांगायचे, "त्या गाढवाला कळव, माल सडका निघाला." राघोत्तम राव इंग्रजीत लिहायचे की आपल्या मालाबाबत काही खेदजनक बाबी नजरेस आल्या आहेत. गाढवाला ते पत्र इतकं आवडे की तो पुढचा माल चांगला पाठवी. टायपिस्ट म्हणून लागलेला माणूस असा हळूहळू पेढीची जीभ झाला.

त्या काळी मद्रासमध्ये मानपत्राशिवाय कोणी निवृत्त होत नसे. इंग्रजी मजकूर, भोवती वेलबुट्टी, काचेची फ्रेम, चंदनाचा हार. मानपत्र उभं राहून वाचायचं, मग वडा आणि कॉफी. राघोत्तम रावांचं मानपत्र मिळावं म्हणून शेजारच्या पेढ्यांतून माणसं येत. ज्याने जन्मभर डुलक्या घेतल्या त्याला ते 'शांत चिंतनाचे धनी' करत, आणि जो सगळ्यांशी भांडला त्याला 'तत्त्वांचे निर्भय पहारेकरी'.

अठ्ठावन्न साली पेढीचे हेडक्लार्क भीमसेन राव निवृत्त व्हायचे ठरले. तेही राघोत्तम रावांसारखेच तंजावरकडचे मराठी, त्यांना हक्काने 'राघू' म्हणणारे. त्यांच्या मागे खुर्ची राघोत्तम रावांची, हे चेट्टियारांनी वर्षभर आधी सांगून ठेवलं होतं. भवानीने तर नात्यातल्या सगळ्यांना कळवूनही टाकलं होतं.

"राघू," भीमसेन राव म्हणाले, "माझं मानपत्र असं लिव, की लोक रडले पाहिजेत."

"रडवतो की, अण्णा."

आनंदात असलेला माणूस लिहिताना हात आखडता घेत नाही. राघोत्तम रावांनी भीमसेन रावांना पेढीचा कणा केलं, वादळातलं दीपगृह केलं, त्यांच्यावाचून हा व्यापार म्हणजे नांगर नसलेलं जहाज, असंही लिहिलं. समारंभात त्यांनी स्वतःच ते खणखणीत आवाजात वाचलं, आणि परिच्छेदागणिक तमिळमध्ये अर्थ सांगितला, कारण चेट्टियारांचं इंग्रजी बेताचं होतं. लोक खरोखरच रडले. सगळ्यांत जास्त चेट्टियार रडले.

डोळे पुसत ते उभे राहिले. "असा माणूस माझ्याकडे आहे हे मला ठाऊकच नव्हतं! नांगर सोडून जहाज कोण हाकतो? भीमसेन राव, अजून दोन वर्षं तुम्ही कुठे जायचं नाही."

टाळ्या कडाडल्या. मग वडे आले, पण राघोत्तम रावांच्या हातातला वडा हातातच राहिला.

"मी सांगितलो न्हवे," घरी भवानी म्हणाली, "इतकं खोटं लिवू नका म्हणून? आता मी अत्तेला, नात्यातल्या सगळ्यांना काय सांगू?"

जॉर्ज टाउनमध्ये मात्र त्यांचा भाव वधारला. मुदतवाढ हवी असलेले सगळे दारात येऊ लागले. राघोत्तम राव प्रत्येकासाठी लिहीत आणि प्रत्येकाच्या मागे खुर्चीची वाट पाहणाऱ्या माणसाची मनातल्या मनात माफी मागत.

साठ साली भीमसेन राव पुन्हा निवृत्त व्हायला निघाले. "मागच्यासारखंच लिव, राघू," ते म्हणाले आणि डोळा मारला.

राघोत्तम राव कागद पुढे घेऊन बसून राहिले. विशेषणं लिहावीत तर खुर्ची जाते, न लिहावीत तर माणूस दुखावतो. भवानी तांदूळ निवडत होती. "ते रोज काय करतात ते लिवा की," ती म्हणाली. एवढ्या कोर्सांत हे कोणी शिकवलं नव्हतं.

त्यांनी लिहिलं: भीमसेन राव येतात आणि आधी छत्री वाळत घालतात, पाऊस नसला तरी. कुठलाही कागद पुढे आला की 'पाहू' म्हणतात. दहीभात खाल्ल्यावर त्यांचे डोळे मिटतात, पण त्या अवस्थेतही कोण उशिरा आला ते त्यांना कळतं. कोणाच्या घरी आजारपण असलं की ते न विचारता त्याला लवकर सोडतात आणि मालकांना सांगतात, बँकेत पाठवलाय.

सभेत ते वाचून तमिळमध्ये सांगू लागले, तसं आधी कोणीतरी खुसकन हसलं, मग सगळेच. शेवटच्या वाक्याला हसणं थांबलं. भीमसेन रावांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "राघू, मेल्या," ते हळूच म्हणाले, "तू बघत होतास होय?"

चेट्टियार उठले.

"बँकेत पाठवला होता?" चेट्टियार म्हणाले. "बरं. कॉफी आणा."

सोमवारी राघोत्तम राव खुर्चीत बसले. गादीवर भीमसेन रावांच्या बैठकीचा खड्डा कायमचा पडलेला होता. समोर नव्या टायपिस्टाने लिहिलेलं पत्र आलं, फार भिकार. त्यांनी मशीन ओढून ते नव्याने टाइप करायला घेतलं.

"हेडक्लार्कने टाइप करायचं नसतं," चेट्टियार म्हणाले. "सही करायची."

महिनाभर त्यांनी सह्या केल्या. मग एका संध्याकाळी ते घरी येण्याऐवजी मांबलम स्टेशनजवळच्या टायपिंगच्या क्लासात शिरले. सरकारी कचेऱ्यांत आता तमिळ मशीनं येत होती, आणि त्या मशीनवर बोटं कुठे ठेवायची हे त्यांना ठाऊक नव्हतं. रिबिनी बांधलेल्या मुलींच्या रांगेत बसून त्यांनी पहिली ओळ बडवली. ओळीत एकही अक्षर जागेवर नव्हतं.

घरी येऊन त्यांनी ते भवानीला फार खुशीत सांगितलं.

"खुर्ची मिळाली न्हवे? मग आता हे कशाला?"

"खुर्चीत बसायलाच लागतं गं नुसतं."

भिंत तर आधीच भरलेली होती. भवानीने उठून न्हाणीघराच्या दारावरचं कॅलेंडर काढलं आणि स्वैपाकघरात नेलं.