लाल रेघेखालचा बर्फ

"तिसऱ्यांदा रंधा मारतोय," वॉल्ट म्हणाला. "सोमवारी मारला, काल मारला, आज परत. या दरवाजाला झालंय काय, कळत नाही."

कम्युनिटी हॉलच्या मोठ्या दरवाजाची एक झडप बिजागऱ्यांतून काढून त्याने सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकली होती आणि तिची वरची कड तो रंधत होता. लाकडाच्या साली बर्फावर पडत होत्या. शनिवारी दुपारी दोन वाजता त्याच हॉलमध्ये त्याच्या मुलीचं, कॅरनचं लग्न होतं. हॉलचा केअरटेकरही तोच. त्यामुळे दरवाजा नीट उघडणं ही त्याच्या दृष्टीने घरची आणि ऑफिसची अशी दोन्ही जबाबदारी होती.

"आमच्या चिपळूणला जुलैत दरवाजे असेच फुगतात," मी म्हणाले. "दमट हवा. लाकूड पाणी पितं."

"तरीच," वॉल्ट म्हणाला. कोणीतरी कारण दिलं म्हणून त्याला बरं वाटलं. मलाही बरं वाटलं. त्या गावात मला माहीत असलेल्या गोष्टी फार नव्हत्या.

तो गुरुवार होता, साल ऐंशीच्या दशकाच्या मध्यातलं. मी वॉशिंग्टन राज्यातल्या एका काउंटीच्या बिल्डिंग डिपार्टमेंटमध्ये स्ट्रक्चरल इंजिनियर होते. आठवडाभर वादळ चाललं होतं आणि डोंगरातल्या गावांमधल्या सार्वजनिक इमारतींची छतं बघून या, म्हणून माझा बॉस रे याने मला पाठवलं होतं. शाळा, चर्च, फायर स्टेशन, हॉल. गावाचं नाव सांगत नाही. माणसं अजून तिथे आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे.

हॉलच्या छताशी एक काठी उभी ठोकलेली होती. तिच्यावर इंच आखलेले आणि चार फुटांवर एक लाल रेघ. ही रेघ वॉल्टच्या वडिलांनी ओढली होती. बर्फ रेघेला टेकला की गावाने फावडी घेऊन वर चढायचं आणि छत मोकळं करायचं. टेकला नाही तर कोणी चढायचं नाही. पन्नास वर्षं हा नियम चालू होता आणि हॉल उभा होता. गुरुवारी बर्फ होता अडतीस इंच. मी फॉर्मवर 'ओके' लिहिलं आणि सही केली. लहानपणी मी बर्फ पाहिला तो लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या लादीचा. असल्या काठीवर शंका घेणारी मी कोण?

संध्याकाळी परत निघायचं होतं, पण घाटातल्या रस्त्यावर ॲव्हलांच आलं, म्हणजे डोंगरउतारावरचा बर्फ एकदम सुटून खाली कोसळला. रस्ता बंद. मी मोटेलमध्ये खोली घेतली. शुक्रवारी हवा अचानक उबदार झाली आणि दिवसभर पाऊस पडला. मोटेलच्या खिडकीतून बघत बसण्यापलीकडे मी काही केलं नाही.

शनिवारी सकाळी माझ्या नवऱ्याचा, विनायकचा आमच्या घरून, बॉथेलहून फोन आला.

"अगं, घाटातला पास कधी उघडणार?"

"उघडला की कळेल."

"इथे नुसता पाऊस आहे यार, स्नोचा पत्ता नाही. तिथे?"

"इथेही कालपासून पाऊसच."

"मग बरंच की! स्नो वितळून जाईल, तुझं काम कमी."

बोलता बोलता मी रिसीव्हर खांद्याला धरून एक टॉवेल खोलीच्या दाराच्या फटीत कोंबत होते. त्या फटीतून रात्रभर वारा आला होता. अर्धा टॉवेल आत गेला आणि मी थांबले.

हे दार फुगलं का नव्हतं? बाहेर पाऊस, हवा दमट, मग दार आवळायला हवं होतं. पण खोलीत हीटर दिवसरात्र चालू. माझे ओठ फुटलेले, हात सोललेले. इथल्या हिवाळ्यात बंद घरात हवा कोरडी ठणठणीत असते आणि लाकूड आक्रसतं. दारं सैल होतात. हॉलमध्येही लग्नाच्या तयारीसाठी आठवडाभर हीटर चालू होता. मग वॉल्टचा दरवाजा घट्ट का होत होता?

दरवाजा घट्ट व्हायला दोन कारणं असतात. एक तर दार वाढतं, नाहीतर चौकट खाली येते.

"विनायक, वितळून जाणार कुठे?" मी विचारलं.

"काय?"

"पाणी. छतावरचा स्नो वितळला, त्यात पाऊस पडला, ते पाणी जाणार कुठे?"

"मला काय माहीत? तू इंजिनियर आहेस ना?"

मी फोन ठेवला. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज.

इथे थोडं समजावून सांगते. छताला बर्फाची उंची कळत नाही, वजन कळतं. त्याला आम्ही स्नो लोड म्हणतो, एका चौरस फुटावर किती पौंड. कोरडा भुसभुशीत बर्फ उंच दिसतो पण हलका असतो. त्यावर पाऊस पडला की बर्फ ते पाणी धरून ठेवतो आणि खाली बसतो. उंची कमी होते, वजन वाढतं. वॉल्टच्या वडिलांची रेघ कोरड्या बर्फासाठी बरोबर होती. पावसासाठी ती उलटी होती, कारण पाऊस पडला की बर्फ रेघेपासून लांब जायचा आणि गाव निर्धास्त व्हायचं. म्हणजे मी कॉलेजात पाच मार्कांचं उत्तर लिहून आले होते ते सगळं. गुरुवारी आठवलं नाही.

नऊ वाजता हॉलवर पोचले. दरवाजा सुरळीत उघडला. आत साठेक टेबलखुर्च्या मांडून झाल्या होत्या, पांढरे टेबलक्लॉथ, फुलं. वॉल्ट शिडीवर चढून कागदी घंटा टांगत होता.

"बघ," तो खुशीत म्हणाला, "तीस इंचांवर आला. आपोआप आठ इंच उतरला."

"वॉल्ट, दरवाजाला आज रंधा मारलात?"

"सकाळी सहाला. आता मस्त चालतो."

"एकूण किती काढलं?"

त्याने बोटांनी दाखवलं. आपल्या सुतारांच्या हिशेबाने तीन सूत, म्हणजे पाऊण सेंटिमीटरहून जास्त, आणि तेही शिसवी नव्हे तर फर झाडाच्या मऊ लाकडाचं दार, त्यामुळे त्याला काही कष्टही पडले नव्हते. दरवाजा बरोबर मधल्या ट्रसच्या टोकाखाली होता. ट्रस म्हणजे छत पेलणारा लाकडी त्रिकोण, आपल्याकडे सुतार त्याला कैची म्हणतात. मी वर पाहिलं. त्या कैचीच्या आडव्या तुळईला जोडापाशी हातभर चीर गेली होती. जुनी चीर धुळीने काळी असते. ही पांढरीशुभ्र होती. तिच्या शेजारीच खिळा ठोकून वॉल्टने एक घंटा लावली होती.

"शिडीवरून उतरा," मी म्हणाले. "हळू. आणि सगळ्यांना बाहेर काढा."

बाहेर आल्यावर तो भडकला. साहजिक होतं. "गुरुवारी तू ओके लिहिलंस. आज बर्फ कमी झालाय. आणि आज बंद?"

"माझी चूक झाली. काठी उंची सांगते, मला वजन हवंय."

"तीस वर्षं मी हा बर्फ बघतोय."

"मग चला, मोजू."

फायर स्टेशनमधून धुराड्याच्या पाइपचा एक तुकडा मिळाला, सहा इंची. त्याचं तोंड एका चौरस फुटाच्या साधारण पाचव्या भागाएवढं असतं. छताच्या कडेला शिडी लावून मी तो पाइप बर्फात उभा दाबला, वरपासून पत्र्यापर्यंत, आणि आतला बर्फ एका बादलीत काढला. दोन्ही बाजूंनी असे तीन नमुने घेतले. मग बादल्या घेऊन आम्ही शेजारच्या ग्रोसरीत गेलो आणि तिथल्या खाटकाच्या काट्यावर ठेवल्या. खाटकाने विचारलं, कापून देऊ का. कोणी हसलं नाही.

बादलीचं वजन वजा करून अकरा पौंड. दुसरी अकराच्या वर, तिसरी बारा. पाचने गुणा. चौरस फुटाला पंचावन्न ते साठ पौंड.

ग्रोसरीतूनच मी रे ला फोन लावला. वादळामुळे शनिवारीही सगळं ऑफिस हजर होतं.

"रे, हॉलची जुनी ड्रॉइंग्ज बघ. छत किती लोडला डिझाइन केलंय?"

पाच मिनिटांनी तो म्हणाला, "पंचेचाळीस."

"वर पंचावन्नच्या पुढे आहे. मी बंद करतेय."

"थांब. सेफ्टी फॅक्टर आहे ना?" म्हणजे हिशेबापेक्षा जास्त ठेवलेली ताकद, चुकांसाठीची शिल्लक.

"आहे. पण तुळई चिरलीय, चौकट तीन सूत खाली आलीय. शिल्लक किती उरली ते मला सांगता येत नाही."

"शुभदा, गुरुवारच्या फॉर्मवर तुझी सही आहे. ओके. दोन दिवसांत बंद. उद्या एखादा वकील उभा राहिला तर पहिला प्रश्न काय विचारेल?"

"मी शिकले कुठे, हा."

"एग्झॅक्टली."

"छत पडलं तरी तो हेच विचारेल, रे. फक्त तेव्हा समोर बसलेले लोक काळ्या कपड्यांत असतील."

तो म्हणाला, "लाव टॅग."

आमच्याकडे लाल कार्ड असतं. ते दारावर लावलं की पोलिसालाही आत जाता येत नाही. वॉल्टने नुकत्याच गुळगुळीत केलेल्या दारावर मी ते चार पिनांनी लावलं. तेवढ्यात कॅरन आली, केसांत रोलर, अंगात बापाचं जॅकेट. तिने कार्ड वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला आजचाच दिवस मिळाला?" मला तिला सांगावंसं वाटलं की खरं तर गुरुवारचा मिळायला हवा होता. सांगितलं नाही. नवरीशी त्या दिवशी कोणी वाद घालू नये.

पुढचं काम गावाने केलं. मी फक्त ओरडत होते. छत मोकळं करताना एक बाजू आधी साफ केली तर सगळं वजन दुसऱ्या बाजूला राहतं आणि पिळवटलेली कैची तेवढ्यानेच मोडू शकते. म्हणून दोन्ही बाजूंना समोरासमोर माणसं, लांब दांड्याचे ओढणे घेऊन शिड्यांवर, आणि मी हात खाली केला की दोघांनी एकदम ओढायचं. कडेचा बर्फ निघाला तेव्हा चौघांना दोर बांधून वर सोडलं, दोन इकडे, दोन तिकडे. आत कोणालाही जाऊ दिलं नाही. एक काकू फुलदाण्या आणायला निघाल्या होत्या, त्यांना मी हाताला धरून परत आणलं. कोटटाय घातलेले पाहुणे पावसात फावडी मारत होते. नवरदेवाने दीड तास बर्फ ओढला आणि मग तसाच ओला लग्नाला गेला.

लग्न फायर स्टेशनच्या गॅरेजमध्ये लागलं. बंब बाहेर उभे केले होते. जमिनीवर तेलाचे डाग होते आणि पादरी फायरमनच्या हेल्मेटांच्या रांगेसमोर उभा होता. मी गेले नाही. बोलावलंही नव्हतं.

अंधार पडायच्या आत छत मोकळं झालं. पडलं नाही. अख्ख्या गावाने लग्नाचे कपडे भिजवले आणि हॉल होता तसा उभा. मला मिळालेल्या नजरांवरून गावाचं मत स्पष्ट होतं.

रविवारी दुपारी रस्ता उघडला. मी गाडीत सामान ठेवत होते तेव्हा वॉल्ट आला. हातात फॉइल लावलेली कागदी प्लेट होती.

"केक आहे," तो म्हणाला. "कॅरनने पाठवलेला नाही. ती अजून रागावलीय. मीच आणला."

"थँक यू. आणि तुम्ही? तुम्ही नाही रागावलात?"

त्याने हॉलच्या दिशेने मान वळवली. "सकाळी बाहेरूनच दरवाजा बघितला. वर फट पडलीय. माझं बोट जातं तीत. चौकट परत वर गेली."

"हो. वजन उतरलं."

"म्हणजे ती खरंच खाली आली होती."

"हो."

तो बर्फाकडे बघत म्हणाला, "टेबलं मीच लावली होती. मधलं टेबल घरच्यांचं. माझी आई, बायको, कॅरन, बहिणीची दोन पोरं. मध्ये सगळ्यात चांगलं दिसतं म्हणून तिथे. सकाळपासून मी तेच मोजतोय, त्या ट्रसखाली कोण कोण बसलं असतं." मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "पडलं असतं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर गावाने मला माफ केलं असतं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "खरंच माहीत नाही."

त्याने मान हलवली. प्लेट माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मी रंधा मारत राहिलो असतो." मग तो गेला. केक मी घाट उतरेपर्यंत उघडला नाही.

सोमवारी रिपोर्ट लिहिला. गुरुवारच्या 'ओके'चं कारण म्हणून मी लिहिलं, 'इन्स्पेक्टरची चूक.' रे ने ते खोडून 'हवामानात बदल' लिहिलं. मी त्याचं खोडून परत माझं लिहिलं. पाऊस शुक्रवारी आला होता, पण दरवाजा सोमवारपासून घासत होता आणि मी त्याच्यासमोर उभी राहून चिपळूणच्या गप्पा मारल्या होत्या. रे ने सही केली.

त्यानंतर सव्वीस वर्षं मी छतं बघितली. परक्या गोष्टी, ती काठी सोडली तर, मी पहिल्यापासूनच दोनदा मोजत होते. त्या शनिवारनंतर ओळखीच्याही मोजायला लागले.