बक्षिसासाठी उखडलेली पन्हळ

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. छे, तुम्ही हसणारच!

इस्रायलात येऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते. नेगेवच्या वाळवंटात पत्र्याच्या घरांची आमची वस्ती, पाणी टँकरने यायचं. अशात सरकारने जाहीर केलं, जी वस्ती नवी, उपयोगी कल्पना दाखवील तिला 'आदर्श वस्ती'चा मान. आणि वर दवाखाना! माझ्या रिबकाला दिवस गेलेले. डॉक्टर थेट बेर शेवा शहरात, तेही ट्रकमधून हाडं खिळखिळी करत जायचं. दवाखाना मला हवाच होता हो!

मग काय, वस्तीत कल्पनांचं पीक आलं. एकाने दाराला तीन-तीन घंटा लावल्या. आमचे सेक्रेटरी, रुमानियाचे गृहस्थ, ते तर कारंजं बांधायला निघाले. टँकरच्या पाण्यावर कारंजं! पण दिसायला झकास.

मी मुंबईच्या गिरणीत फिटर होतो. साहेब यायचे म्हटलं की आमच्याकडे काय चालायचं? चुना फासायचा आणि भंगार लपवायचं. इथेही सरकारी साहेब वस्ती बघायला येणार होते, तेव्हा तेच मी केलं. झाडं नव्हती, म्हणून दगडांना चुना फासला!

एकच घाण उरली, माझीच पन्हळ. तेलाचे डबे कापून, जोडून मी न्हाणीचं पाणी टोमॅटोच्या वाफ्यांत सोडलं होतं. गंजलेली, चिंध्यांनी बांधलेली.

"अहो, राहू द्या ना ती," रिबका म्हणाली. "टोमॅटो सुकतील."

"साहेबांना हे लक्तर दाखवू? काहीतरीच तुझं!"

उखडली, पुरली, वर चुना!

साहेब आले. कारंज्याकडे ढुंकूनही बघेनात.

"टँकरवाला सांगतो, तुम्हाला सगळ्यांत कमी पाणी लागतं, तरी टोमॅटो पिकतात. कसं काय? तेच बघायला आलोय."

मी छाती काढून पुढे. इथे साहेबाला 'अदोनी' म्हणतात. "ती पन्हळ ना, अदोनी? काळजीच नको! कालच सगळी काढून टाकली!"

सेक्रेटरींचा चेहरा माझ्या दगडांहून पांढरा झाला.

मला अजून कोडं पडतं बघा. गरज होती तेव्हा आम्ही कामाचं करत होतो. मान मिळणार म्हटल्यावर सगळे दिसण्यामागे का लागलो?

मान गेला शेजारच्या वस्तीला. त्यांनी माझीच पन्हळ बघून केलेली, फक्त जागेवर ठेवलेली! दवाखानाही तिथेच. रिबकाला कळा सुरू झाल्या तेव्हा मी तिला तिकडेच नेलं. खिडकीतून बघतो तर मागची पन्हळ सांध्यात गळतेय. माझा हात आपोआप खिशातल्या पान्याकडे गेला.

खाटेवरून, तशा कळांतही, रिबका ओरडली, "अहो! बाळ होईपर्यंत तरी हा दवाखाना उभा राहू द्या!"