शेजारच्या सीटवरचा पाय

शोरूममधल्या त्या माणसाचं नाव मला आठवत नाही, पण त्याचे पॉलिश केलेले काळे बूट अजून डोळ्यांसमोर आहेत.

खांद्याच्या ऑपरेशननंतर नवऱ्याचं गाडी चालवणं बंद झालं होतं. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी उंच सीटची मोठी गाडी हवी होती, आणि ती चालवणार मी. नवरा शेजारी बसला की पायाखाली नसलेला ब्रेक दाबत राहतो. गंगापूर रोडच्या शोरूमला येतानाही त्याने तेच केलं. म्हणून टेस्ट ड्राइव्हला हा माणूस शेजारी बसला, तेव्हा माझी नजर सारखी त्याच्या बुटांकडे जात होती.

मागे सासूबाईंशेजारी बसलेल्या नवऱ्याचं "अगं, ब्रेक! ब्रेक!" चालूच होतं. सोमेश्वर मंदिराच्या पुढे एक म्हैस आडवी आली आणि मी ब्रेक दाबला. गाडी वेळेत थांबली. तो माणूस बडीशेप चघळत सासूबाईंना एसीचं बटण समजावत होता.

परत आल्यावर उतरता उतरता तो म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाईक चालवायला बसलं की माझा पाय आपोआप दाबला जातो. घरी गेल्यावर पोटऱ्या दुखतात. आज पाय जागचा हलला नाही."

गाडी विकणारा गोडच बोलणार, एवढं मला कळतं. पण बूट मी स्वतः पाहिले होते.

घरी जाताना जुन्या गाडीत सिग्नलला थांबले आणि शेजारी पाहिलं. नवऱ्याने चपला काढून सीटवर चक्क मांडी घातली होती.