त्रेचाळीस वस्तू आणि एक किल्ली

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा टोकियोला जाणार हे ठरलं, आणि त्या दिवसापासून आमच्या सात मजली इमारतीत कुणाला सुखाने जिना उतरता येईना. प्रत्येक मजल्यावर भावोजी भेटायचे आणि टोकियोबद्दल सांगायचे. अजून गेले नव्हते, तरी सांगायचे.

मी रोज सकाळी देवाचं नाव घेताना ठरवते की आज कुणाबद्दल वाकडं मनात आणायचं नाही. मग दाराबाहेर पडते आणि भावोजी दिसतात.

भावोजी लिफ्टचे मेकॅनिक. सव्वीस वर्षं एकाच कंपनीत. ते आणि ताई दुसऱ्या मजल्यावर राहतात, मी आणि आई सहाव्या. कंपनी नव्या पद्धतीच्या लिफ्ट आणणार होती. त्यांचं काम शिकायला एका माणसाला दहा दिवस टोकियोला पाठवायचं आणि परत आल्यावर त्यानेच बाकीच्यांना शिकवायचं, असं साहेबांनी ठरवलं. म्हणजे पुढची सगळी नोकरी खुर्चीवर बसून. भावोजींचा उजवा खांदा तीन वर्षांपासून वर जात नाही. शर्ट घालताना ताईला बाही धरावी लागते. असा खांदा घेऊन लिफ्टच्या शाफ्टमध्ये शिडीवर लोंबकळणं आणखी किती दिवस जमणार होतं? तेव्हा ही सहल नव्हती, त्यांच्या उरलेल्या आयुष्याची सोय होती. हे मला कळत होतं, ताईला कळत होतं. भावोजींना कळत असेल तर त्यांनी ते फार चांगलं लपवलं होतं.

त्यांनी चार चाकांची बॅग आणली आणि दुसऱ्या मजल्याच्या बोळात ती चालवायचा सराव सुरू केला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळण, परत. बॅग चालवायला शिकावं लागतं हे मला या वयात कळलं. दोन पेन्सिलींनी शेंगदाणे उचलायचा सराव झाला. निम्मे शेंगदाणे अजून सोफ्याखाली असतील. औषधाच्या दुकानात तर त्यांनी दुकानदाराला कमरेत वाकून असा काही नमस्कार केला, की तो बिचारा काउंटरवरून ओणवा होऊन बघायला लागला, यांचं काय पडलं म्हणून.

आणि घरात उठता बसता ‘तिकडे’. ताईने दार जरा जोरात लावलं की लगेच, "तिकडे कुणी दारं आपटत नाही."

"तिकडे असे नवरे नसतील," ताई म्हणायची.

या सगळ्याला खतपाणी घालायला चौथ्या मजल्यावरचे निवृत्त काका होतेच. वीस वर्षांपूर्वी विमान बदलण्यासाठी काका टोकियोच्या विमानतळावर सहा तास एका बाकावर बसून होते. त्या सहा तासांवर त्यांनी वीस वर्षं काढली आहेत.

"तिथे सगळं मिनिटावर चालतं बरं का. मी स्वतः पाहिलंय," काका म्हणाले.

"कुठे पाहिलंत?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? घड्याळात!"

काकांच्या सल्ल्याने भावोजींनी वहीत न्यायच्या वस्तूंची यादी केली. एकूण त्रेचाळीस वस्तू. सतरावी वस्तू नेलकटर. अठरावी, जादा नेलकटर. दहा दिवसांत माणसाची नखं वाढून वाढून किती वाढणार, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. ताईने डोळ्यांनीच दाबलं.

या माणसाची एकच गोष्ट मी मनापासून मानत आले. त्यांच्या हाताखाली एक जोडीदार आहे. चाळिशीचा, बोलण्यात कंजूष, डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच. पूर्वी तो दुसरीकडे नोकरीला होता. तिथे एकदा तो लिफ्टखाली काम करत होता आणि कुणी वीज चालू करू नये म्हणून वरच्या मेन स्विचला त्याने कुलूप घातलं होतं. कुणाला तरी घाई होती. साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, या वेळी तिथे कोण असणार, तोडा कुलूप. तोडलं.

तो भावोजींकडे आला तेव्हा त्यांनी नियम घातला. प्रत्येकाने आपलं स्वतःचं कुलूप ठेवायचं, किल्ली स्वतःच्या गळ्यात. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, तेही जागेवर हजर राहून. फोन आला, चिठ्ठी आली, प्रत्यक्ष मालक आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. भावोजींचं कुलूप लाल आहे, त्यावर खिळ्याने त्यांचं आद्याक्षर कोरलंय. किल्ली काळ्या दोऱ्यात. आंघोळीलासुद्धा काढत नाहीत, असं ताई सांगते.

तर जाण्याचा दिवस उजाडला. कंपनीची गाडी साडेआठला येणार होती. त्याच दिवशी अकराला आईच्या डोळ्यात इंजेक्शन द्यायचं होतं. मी त्याच दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते, म्हणून नंबर मिळाला. ते डॉक्टर महिन्यातून एकदाच, अकरा ते बारा बसतात. आईचा एक डोळा गेलेला आहे, दुसरा या इंजेक्शनांवर तग धरून आहे. गुडघे तर असे, की सहा मजले उतरायचं नावच काढायला नको.

साडेसातला भावोजी नवा कोरा निळा युनिफॉर्म घालून गच्चीवरच्या मशीनरूममध्ये निघाले. "जायच्या आधी आपल्या लिफ्टवर एकदा हात फिरवून येतो," म्हणाले. हात फिरवायचा होता की युनिफॉर्म मिरवायचा होता, ते देवाला ठाऊक. गाडी मात्र सव्वाआठलाच आली आणि हॉर्न वाजवू लागली. काका जिन्यातून ओरडले, "अहो, मिनिटावर चालतं तिकडे! तुम्ही इथूनच उशीर करताय!"

भावोजी धडधडत पाच मजले उतरले, घरी कपडे बदलले आणि बॅग घेऊन खाली आले. आम्ही सगळे तळमजल्यावर जमलो होतो, जिन्याने उतरून, कारण लिफ्टच्या दारावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी होती. ती पाटी सगळ्यांनी वाचली. त्याच पाटीसमोर ओळीने उभं राहून फोटोही काढला. काम करणारा माणूस तर हात हलवत गाडीत बसतोय, हे एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. माझ्याही नाही, कबूल करते.

दहा वाजता आईला तयार करून मी लिफ्टपाशी आणलं. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग गच्चीवर गेले. मेन स्विच बंद, आणि त्यावर लाल कुलूप.

जोडीदार जवळच कामावर होता, पंधरा मिनिटांत आला. कुलूप बघून तो मशीनरूमच्या पायरीवर शांतपणे बसला.

"मास्तरांचं आहे."

"ते मलाही दिसतंय. तोडा ना."

"नाही."

मी भावोजींना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. एव्हाना काका धापा टाकत वर आले होते, त्यांच्या मागे ताई. भावोजी विमानतळावर रांगेत होते. आधी गळ्याशी हात नेऊन किल्ली चाचपली असणार. मग ओरडलेच, "अरे, कटर आहे ना तुझ्याकडे? तोड की!"

"नाही मास्तर."

"मी सांगतोय! माझंच कुलूप आहे!"

"तुम्हीच शिकवलंय. फोनवर कुणाचं ऐकायचं नाही."

"अरे शहाण्या, मी विमानतळावर उभा आहे! शाफ्टमध्ये कोण असणार?"

"माझे साहेबही तेच म्हणाले होते," जोडीदार म्हणाला. आवाज चढवला नाही की उतरवला नाही.

काकांना राहवेना. "कशाला एवढा घोळ? माझ्या ओळखीचा कुलूपवाला आहे, दोन मिनिटांत उडवून देईल. बोलावतो."

पलीकडे भावोजी एकदम गप्प झाले. इतके, की फोन कट झाला असं मला वाटलं. मग वेगळ्याच, कोरड्या आवाजात म्हणाले, "काकांना थांबवा. कुणीही हात लावू नका. मी येतोय."

"अहो, येताय म्हणजे?" ताई किंचाळली. "विमान?"

फोन बंद झाला होता.

मी खाली येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "कशाला गं परत बोलावलंत जावयाला? माझा डोळा थांबला असता महिनाभर." तिला खुर्चीत बसवून उतरवावं असा विचारही झाला, पण सकाळच्या फोटोतले धडधाकट पुरुष केव्हाच कामावर पसार झाले होते. फोटोपुरतेच आले होते ते.

अकराला पाच कमी असताना भावोजी आले. सहाव्या मजल्यावर आईसमोर क्षणभर थांबले आणि तसेच गच्चीकडे निघाले. मी त्यांच्या मागोमाग वर गेले, दोन शब्द तोंडावर सुनवायचे म्हणून. ते सुनवायचे राहिले. भावोजींनी कुलूप काढलं, पण स्विच लावला नाही. आधी बाजूच्या पेटीत हात घातला आणि बोटभर लांबीची एक लाल वायर ओढून काढली. ती घाईघाईने खिशात टाकली. जोडीदाराने ते पाहिलं आणि मान वळवली. मग स्विच लागला, लिफ्ट आली, आईला सव्वाअकराला इंजेक्शन मिळालं. टोकियोच्या विमानाचा काउंटरही त्याच सुमारास बंद झाला असेल.

संध्याकाळी मी जोडीदाराला जिन्यात गाठलं. "ती वायर कसली होती?"

"दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही ना? ते तपासताना ती वायर थोडा वेळ लावतात. काम झालं की आधी ती काढायची, मग बाकी सगळं."

"आणि काढली नाही तर?"

"दार उघडं असतानाही लिफ्ट निघते."

कुलूपवाला आला असता, स्विच लागला असता, तर त्या लिफ्टच्या दारात पहिलं पाऊल आईचं पडणार होतं. एका डोळ्याने चाचपडत. त्या दिवशी देवाचे आभार मानताना मला शब्द सापडेनात.

आणि मग रागाने डोकं भणभणलं. फोनवर एकदम गप्प झाले तेव्हाच यांना आठवलं असणार. तेव्हा नुसतं म्हणाले असते, ‘आत वायर राहिली आहे’, तर जोडीदाराने दारात राखण केली असती, आईने महिनाभर कळ काढली असती, आणि यांना विमान मिळालं असतं. पण काका ऐकत होते ना! मास्तरांकडून चूक झाली हे काकांना कळण्यापेक्षा टोकियो बुडालेलं परवडलं या माणसाला.

पुढचे आठ दिवस तर बघवेनात. काकांनी इमारतभर डांगोरा पिटला, "सासूच्या डोळ्यासाठी टोकियो लाथाडलं! असा जावई दिवा घेऊन शोधलात तरी मिळणार नाही!" औषधाचा दुकानदारही आता त्यांना वाकून नमस्कार करू लागला. आणि भावोजी? नाही म्हणायचे नाहीत. "अहो, कर्तव्य आहे," म्हणायचे, आणि दुखऱ्या खांद्याने जमेल तितपत हात जोडायचे. आई त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करायची. मी जिन्यात दिसले की ते पायऱ्या मोजत असल्यासारखे खाली बघत जायचे. जोडीदाराने कुणाजवळ ब्र काढला नाही. तो चुगली करणार नाही याची भावोजींना खात्री असणार, आणि त्याचीच मला जास्त किळस आली.

नवव्या दिवशी साहेबांनी भावोजींना आणि जोडीदाराला बोलावलं. पुढच्या तुकडीत एक जागा होती. सासूसाठी परत फिरलेल्या माणसाची गोष्ट साहेबांच्याही कानावर गेली होती. भावोजींनी फक्त कागदावर सही करायची होती.

संध्याकाळी ताई वर आली आणि आईच्या पलंगावर मटकन बसली. "सही नाही केली यांनी. वायरीचं सगळं सांगून आले. वर म्हणाले, ज्याने माझं ऐकलं नाही त्याला पाठवा. शिकवायचं काम त्याचं आहे, माझं नाही. आणि साहेबांनी मानलं."

"आणि खांदा?" मी विचारलं.

"शिडीच. आणखी काय?" ताई पदराने डोळे पुसत होती. आई म्हणाली, "मी तरी रोज त्याच्यासाठीच मागत होते." काय मागत होती, ते सांगितलं नाही.

मी खाली गेले. भावोजी बोळात ती चार चाकांची बॅग ओल्या फडक्याने पुसत होते.

"मला वाटलं होतं, तुम्ही गिळून टाकाल," मी म्हटलं.

"गिळली होतीच, मेहुणीबाई. आठ दिवस," ते वर न बघता म्हणाले. "रोज तुमच्या आई लिफ्टमध्ये पाय टाकताना दार चाचपायच्या."

एवढं बोलून गप्प बसले असते तर मी त्यांना नमस्कार केला असता, खरंच. पण तेवढ्यात जोडीदार बॅग न्यायला आला, आणि यांचं सुरू झालं. "हे बघ, तिकडे ना, सगळं मिनिटावर असतं. आणि बॅग अशी नाही धरायची, जरा तिरकी." जोडीदार मुकाट्याने बॅग तिरकी धरून बोळाच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. वरून काकांचा आवाज आला, "थांबा, थांबा, मी येतो, त्याला काही माहीत नसणार!"

भावोजींनी वही उघडून ती यादी त्याच्या हातात दिली. मी डोकावले. त्रेचाळीस वस्तू होत्या तशाच, दोन्ही नेलकटर धरून. फक्त पहिल्या वस्तूच्या वर, कागदाच्या अगदी कडेला, जागा नसताना बारीक अक्षरात कोंबून लिहिलं होतं: किल्ली, आणि आधी वायर.