नव्या आलूचा दंड

मी खादाड आहे आणि चौकशीखोरही आहे, त्यामुळे कोसमटोल्याची फेरी मी दुसऱ्या कुणाला देत नाही. एटापल्लीच्या पुढे डांबर संपतं, मग गिट्टी संपते, आणि माझी स्कूटी जिथे हात टेकते तिथून पायी गेलं की हा माडिया लोकांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, लागतो. मी गुरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. शेळ्या-कोंबड्यांना लस टोचणं हे माझं काम. लोक मला डॉक्टरीनबाई म्हणतात. मी डॉक्टरीन नाही हे सांगून सांगून दमले, आता सांगत नाही.

कोंबड्यांचं काम पहाटेच करावं लागतं, त्या खुराड्यातून सुटायच्या आत. म्हणून मी आदल्या संध्याकाळी जाते आणि मंगलीबाईकडे मुक्काम करते. मंगलीबाई साठीच्या आसपासची, काटकुळी, तोंडात तंबाखू. नवरा गेल्यावर एका पोराला तिनं मोहफुलं वेचून आणि तेंदूपानं तोडून वाढवलं. बोलते कमी. जे बोलते ते बहुतेक कोंबड्यांशी, आणि तेही रागावून. प्रत्येक कोंबडीला नाव आहे. गावात कुणी तिचं कौतुक ऐकलेलं नाही, पण तिच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असंही कुणी नाही. मीही खाल्ल्या आहेत. पहिल्याच वर्षी मी तिच्या तांबड्या कोंबडीचा पंख मुरगळला तेव्हा.

शिव्या न खाल्लेलं एकच माणूस त्या घरात होतं, तिची सून रीना.

रीना मुलचेऱ्याकडची. तिकडे बंगाली लोकांची गावं आहेत, त्यातल्या एका गावात तिच्या वडलांचा मासळीचा तलाव आहे. मंगलीबाईचा सुरज तिथे जाळी ओढायच्या कामाला गेला आणि येताना रीनाला घेऊन आला. लोकांना वाटलं, आता मंगली घर डोक्यावर घेणार. ती काहीच बोलली नाही. सुनेला बाज दिली, चूल दिली, परसातल्या बाडीचा कोपराही दिला. टोल्यातली माणसंही चांगली वागली. या घटनेला आता दोन वर्षं होऊन गेली होती.

त्या पहाटे मी एकेक कोंबडी धरत होते आणि रीना बॅटरी दाखवत होती. ती हळूच म्हणाली, "दिदी, आम्ही चाललो. बाबा बोलावून राह्यले. आलू निघाले की जातो म्हटलं होतं, ते त परवा निघाले."

"काऊन? सासू त्रास देते का?"

"नाई ना. कोणीच देत नाई." तिनं बॅटरी दुसऱ्या हातात घेतली. "इथी मले कोणी रागवत नाई, दिदी. देवाचं काही असलं की मले पाहुण्यांत बसवतात. पानाचा दोना शेवटी भेटते. सगळे गोड बोलतात. मी कितीक दिवस पाहुणी राहू?"

मला तेव्हा तिचा रागच आला होता, खरं सांगते. माझी सासू दिवसातून चार वेळा माझा उद्धार करते. जिला कुणी रागवत नाही तिनं तक्रार करावी, हे मला पटेना. मी पुढची कोंबडी धरायला गेले. ती नेमकी तांबडी होती, लाली तिचं नाव. सुई दिसताच ती माझ्या हातून सुटली आणि कौलांवर जाऊन बसली. मी तिचा नाद सोडला. बाकी टोल्यातल्या एकूणएक कोंबडीला लस दिली आणि प्रत्येक दारात बजावलं, की काही दिवस यांना कापायचं नाही.

घरी परतले तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. सकाळी पेजेसारखा पातळ जावा प्यायले होते, त्याचा आता पत्ता नव्हता. आणि तेवढ्यात तो वास आला.

सुरजनं रात्री नाल्यात मरळ धरली होती. रीनानं ती हळद-मीठ लावून तळली, निववली, बोटांनी एकेक काटा काढला आणि मासा चुरून ठेवला. मग बाडीतले बटाटे, लहान, पातळ सालीचे, सालीसकट बारीक चिरून लोखंडी कढईत टाकले. सरसूचं, म्हणजे मोहरीचं तेल संपलं होतं, म्हणून टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. बटाट्यांना खालून खरपूस रंग चढला तसा तिनं कांदा आणि हिरवी मिरची घातली, शेवटी मासा घातला आणि सगळं उलथन्यानं रगडून पुन्हा कढईला चिकटू दिलं. याला ती झुरा म्हणते. तळाशी जे लागतं ते खरं खाणं, बाकी सोबतीला, असं तिचं म्हणणं. मी कढईशेजारी जागा धरून बसले. पानांच्या पत्रावळी मांडल्या गेल्या. मंगलीबाईनं पहिला घास उचलला.

आणि तिचा हात तिथेच थांबला.

"आलू बाजारचे होत ना?"

"नाई, अव्वा," रीना म्हणाली. तिकडे आईला अव्वा म्हणतात. "बाडीतले. आपल्या."

मंगलीबाईनं घास खाली ठेवला. "तू खाल्ली?"

"मीठ पाहाले थोडीशी."

मंगलीबाई उठली. कोपऱ्यातली टोपली आणली आणि कढईवर पालथी घातली. मग सुरजला म्हणाली, "जाय, कोलूभाऊले बोलाव. झाडूकाकालेही आण." सुरज निमूटपणे निघाला. मी त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले, कारण भूक एक वेळ सोसवते, पण काय झालं ते न कळणं मला सोसवत नाही.

सुरजनं चालता चालता सांगितलं. त्यांच्यात नवं आलेलं काहीही आधी देवाला देतात, मग माणूस खातो. धान असो, वाल असो, जंगलातला आंबा असो. प्रत्येकाचा सण आहे, त्याला पंडुम म्हणतात. त्याच्या आधी झाडाखाली पडलेला आंबासुद्धा पोरं तोंडात घालत नाहीत. हे मला माहीत होतं.

"मग आलूचा पंडुम कवा असते?" मी विचारलं.

सुरज थांबला. "नसते," तो म्हणाला. "आलू कोणी लावलेच नाई ना आजवर. ते बाजारातून येतात, पिशवीत."

मी उपाशी होते, तरी मला गंमत वाटली. सगळा गाव आठवड्याला बटाटे खातो आणि बटाट्याचं काय करायचं हे कुणालाच माहीत नाही. परत येऊन पाहिलं तर रीना चुलीशी बसली होती, चेहरा उतरलेला. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. पाहुण्याला कोण सांगतं?

कोलूभाऊ टोल्याचा पेरमा, म्हणजे पुजारी. म्हातारा, डोळ्यांना कमी दिसतं. तो बाजेवर बसला आणि त्यानं एक कच्चा बटाटा मागून घेतला. हातात फिरवला, नखानं साल काढली, हुंगला. झाडू हा मंगलीबाईचा दीर, तो शेजारी बसला. मग जी चर्चा सुरू झाली ती माडियात, पण मला माडिया अर्धीअधिक कळते आणि उरलेली मी सुरजकडून काढून घेतली.

"वर फूल येते का याले?" कोलूभाऊनं विचारलं.

"येते," रीना म्हणाली. "पांढरं."

"फळ?"

"खालीच."

"मग हा कंदच झाला, जंगलातल्यावानी. कंदाले त आपली रीत हाये."

इथे मला राहवलं नाही. बटाटा हे मूळ नसून खोड आहे, असं मी त्यांना सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडे सभ्यपणे पाहिलं आणि कोलूभाऊ पुन्हा बटाटा हुंगू लागला.

शेवटी झाडू बोलला. तो मनानं वाईट माणूस नाही. त्याला भांडण मिटवायचं होतं, आणि वास त्यालाही येत होता. "कायले डोकं खपवून राह्यले, भाऊ? बियाणं बाहेरचं. पोरगीही बाहेरची. तिले आपली रीत काय मालूम? आपल्या देवाले तिच्या आलूचं काय घेणं? खाऊ द्या तिले, आपणही खाऊ. काही दोष नाई."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही. कोलूभाऊची मान डोलली. रीना खाली बघत उठली आणि टोपली उचलायला वाकली, आणि मी निर्लज्जासारखी पत्रावळ पुढे ओढली.

"हात नोको लावू," मंगलीबाई म्हणाली.

तिनं तंबाखू थुंकला. आणि मी या बाईला पहिल्यांदाच माणसांसमोर सलग बोलताना ऐकलं.

"मांजर दूध पेलं त मांजराले कोणी दंड करत नाई. ही मांजर होये का? दोन वर्सं मी पाहून राह्यली, तुम्ही हिले सगळं माफ करता. सुपाले पाय लागला, माफ. पंडुमच्या दिवशी घराबाहेर गेली, माफ. बाहेरची हाये म्हून. हिनं बाडी खणली. शेण टाकलं. नाल्याचं पाणी डोक्यावर आणलं. माती कोणाची? माझ्या सासऱ्याची. त्या मातीतलं नवं हिनं देवाच्या आधी तोंडात घातलं. चुकली ती. माझ्या हातून झालं असतं त तुम्ही सोडलं असतं मले, कोलूभाऊ?"

"नाई," कोलूभाऊ म्हणाला.

"मग हिलेही लावा दंड."

झाडू पुटपुटला, की स्वतःच्या सुनेला कोणी असं करतं का. मंगलीबाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मात्र सकाळचं रीनाचं बोलणं आठवलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी जागेवर बसलं. सून जाणार हे मंगलीबाईला माहीत होतं. कुणी सांगितलं नसेल, तरी माहीत होतं.

कोलूभाऊ बराच वेळ बटाटा हातात धरून बसला. मग त्यानं रीनाला समोर बसवलं आणि मराठीत विचारलं, तिला नीट कळावं म्हणून. "पोरी, सोच. दंड भरला त उद्यापासून सगळं तुले लागू. रीत, बंदी, सगळं. माफी पाह्यजे असन त माफी हाये, खा आन आरामानं आपल्या बापाकडं जा. कोणी काही म्हणणार नाई."

मला वाटत होतं की तिनं विचार करायला वेळ घ्यावा, पण तिनं घेतला नाही.

"चुकली मी," रीना म्हणाली. "दंड सांगा."

"एक कोंबडी. घरची पाह्यजे, इकतची नाई."

घरची म्हटल्यावर रीना गोंधळली. तिच्या मनात मुलचेरा आलं असणार. मंगलीबाईनं मात्र खुराड्याकडे बोट केलं, आणि आता सगळे माझ्याकडे वळले. मी सकाळी दारोदार काय बजावलं होतं ते सगळ्यांना पाठ होतं. मी मान खाली घातली. गावातल्या एकाही कोंबडीला हात लावता येत नव्हता.

"एक हाये," सुरज म्हणाला आणि वर पाहिलं.

लाली कौलांवर बसून पंख साफ करत होती. मंगलीबाईची सगळ्यात लाडकी. माझ्याकडून तिचा पंख मुरगळला तेव्हा हिनं मला सबंध दिवस जेवू घातलं नव्हतं. आता ती एवढंच म्हणाली, "तिलेच घे. आजपासून तुझीच होये ती. आपल्या हातानं दे."

लालीला धरायला अर्धा टोला लागला. रीना शिडीवर, सुरज मागच्या बाजूला, झाडू खालून हुसकावत, आणि मी, शासकीय अनुभवाच्या जोरावर, सगळ्यांना चुकीच्या सूचना देत. त्या धांदलीत रीनाच्या वडलांचा फोन आला. शिडीवरच ती बंगालीत काहीतरी बोलली आणि हसली. सुरजनं मागून येऊन शिडी धरली आणि विचारलं, "काय म्हणाले?"

"कवा येता म्हणत होते. म्हटलं, मले दंड झाला, आता नाई जमत."

सुरजनं शिडी आणखी घट्ट धरली.

मग बाडीच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली, कोलूभाऊनं जे करायचं ते केलं. कोंबडी रीनानं दिली. मोहाची दारू शिंपडली गेली, आणि बटाट्याला त्यानं माडियात काय म्हणून हाक मारली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, देवाले कळलं, तुले काय कराचं हाये?

दुपार उतरली तेव्हा कढईवरची टोपली निघाली. झुरा गार झाला होता. पानाचे दोने भरले गेले आणि रीतीप्रमाणे वाटले गेले, आधी देवाचा, मग म्हातारे, मग घरातल्या बाया, मग बाकीचे. रीना सवयीनं पाहुण्यांच्या बाजूला, माझ्याजवळ, बसली होती. मंगलीबाईनं तिचा दंड धरून उठवलं आणि आपल्या शेजारी बसवलं. माझा दोना सगळ्यात शेवटी आला. तळाशी लागलेलं सगळं तोवर संपलं होतं.

तरीही सांगते, तसं काही मी त्याआधी खाल्लं नव्हतं. बटाटा आतून मऊ, कडेनं कुरकुरीत राहिलेला, मासा त्यात मिसळून गेलेला, आणि टोरीच्या तेलाचा तो किंचित कडवट वास. मी बोटं चाटत होते.

मंगलीबाईनं एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग दोना खाली ठेवून सुनेकडे वळली.

"मीठ केवढं घातली? एवढी चाखून पाह्यली, म्हून त दंड भरला, आन तरी खारट? डोळे कुठी होते तुझे? नाल्याच्या मासोळीले आधीच चव असते, हे तुले सांगा लागते का? तुझ्या बापाच्या तलावात मीठ फुकट भेटते का?"

ती थांबेचना. कोंबड्यांना रागवावं तशी रागावत राहिली. झाडूनं मध्ये पडायला तोंड उघडलं, तर त्यालाही दोन ऐकाव्या लागल्या.

रीनानं मान खाली घातली होती. मला वाटलं, रडते. तिनं हळूच माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते आणि ओठ मात्र हसू आवरत होते.

"दिदी," ती म्हणाली, "ऐकलं?"