व्याह्यांचा निळ्या पट्ट्यांचा शर्ट

आमच्या मुलीचं लग्न मी एका दुपारी शिलाई मशीनवर बसून जवळजवळ मोडलं होतं. माझ्या मनात तसं काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात साखरपुड्यापासून झाली. माझा मेहुणा तिरुप्पूरला कपड्यांच्या धंद्यात आहे. परदेशी जायचे म्हणून शिवलेले आणि मागे राहिलेले शर्ट त्याला स्वस्तात मिळतात. त्यानं निळ्या पट्ट्यांचे एकसारखे शर्ट आणले आणि दोन मला, एक आमच्या व्याह्यांना दिला. सगळ्यांचं माप एकच, आणि ते कुणा धिप्पाड परदेशी माणसाचं असावं! व्याही गुरुराजराव कोइमतूरचे, भरभक्कम गृहस्थ. त्यांना शर्ट अंगावर बेतल्यासारखा बसला. मी घातला तेव्हा आमची शैलजा म्हणाली, "अप्पा, तुम्ही आंत अहांत कीं?"

दुसऱ्या कुणी तो शिंप्याकडे टाकला असता. पण मी सर्वे खात्यातून निवृत्त झालेला. ओरत्तनाडूपासून पापनाशमपर्यंतची शेतं मोजलेल्या माणसाला एक शर्ट मोजता येऊ नये? माझ्या बायकोचं, कमलाचं, पायमशीन घरात होतं. तिचे गुडघे धरल्यापासून त्यावर इस्त्रीचे कपडे साठत होते. ते खाली ठेवून मी बैठक मारली.

शर्ट उलटा केला की डावी बाजू उजवीकडे जाते, हे मला खात्यात कुणी शिकवलं नव्हतं (जमीन उलटी करून मोजत नाहीत). त्यामुळे एकच बाजू दोनदा आत घेतली गेली आणि खिसा काखेत जाऊन बसला. उसवलं, पुन्हा शिवलं. मग आणखी एकदा शिवलं. आठवडाभरानं मी बरंच काही शिवलंय एवढं नक्की होतं, पण एकच शर्ट दोनदा शिवला की दोन शर्ट एकेकदा, हे काही केल्या आठवेना.

अशात गुरुराजराव मुहूर्त पक्का करायला आले. जावई मार्चअखेर नोकरीसाठी जर्मनीला जाणार होता. त्याआधी लग्न झालं तर शैलजा त्याच्याबरोबर जाणार, नाहीतर दोन वर्षं थांबायचं. संक्रांतीला सुरू होणाऱ्या तै महिन्यातला एकच मुहूर्त दोघांच्या पत्रिकेला जमत होता आणि नेमका त्या दिवशी मंडपही रिकामा होता. व्याह्यांनी संध्याकाळी मंडप पाहून होकार द्यायचा, एवढंच काय ते उरलं होतं.

ते आले तेच मुळी आम्ही दिलेला शर्ट घालून. कमला खूश! न्याहारीच्या वेळी त्यावर सांबाराचा ओघळ आला. तिनं शर्ट मागून घेतला, लगेच धुतला आणि मागच्या दारी दोरीवर वाळत घातला. या धुण्याचं मला काही ठाऊक नव्हतं, कारण मी केळीची पानं आणायला बाजारात गेलो होतो. परत आलो तेव्हा व्याही सैल जिब्बा घालून बसलेले. दुपारी वांग्याची रसवांगी, पोळ्या, पायसम असा बेत होता. व्याह्यांनी प्रत्येक पोळीला मान दिला आणि तृप्त होऊन पंख्याखाली आडवे झाले.

मी मागच्या दारी गेलो तर दोरीवर निळ्या पट्ट्यांचा, ऐसपैस शर्ट! म्हणजे एकच दोनदा शिवला होता तर. दुसरा राहिलाच होता.

आतापर्यंत माझा हात बसला होता. दोन्ही बाजूंनी भरपूर आत घेतलं, टीप मारली आणि जास्तीचं कापड कात्रीनं उडवलं. हद्द ठरली की पलीकडचं आपलं नाही, ही खात्यातली सवय. मशीनमध्ये कमलाच्या ब्लाउजचा लाल दोरा होता, तो बदलत बसलो नाही (आतून कोण बघतं?). खडूच्या खुणा ओल्या हातानं पुसल्या आणि शर्ट परत दोरीवर टाकला.

संध्याकाळी मंडप पाहायला निघायचं म्हणून गुरुराजराव तो शर्ट घालून बाहेर आले. बटणं लागली होती, पण दर दोन बटणांमधून बनियन डोकावत होतं. हात अंगाला टेकत नव्हते आणि श्वास ते बेताबेतानं घेत होते. मी मनात म्हटलं, अरेच्चा, यांनी चुकून माझा शर्ट घातला! पण व्याह्यांना असं तोंडावर कसं सांगणार? मग तेच हळूच म्हणाले,

"संबंधी, घरांत वजनाचा काटा अहे कीं?"

"नहीं हो. कशास?"

"उगेच."

मंडप उद्या पाहू म्हणाले. शर्ट न काढता तसेच सुन्न बसून राहिले. जेवायला बसले तर पोळीवर आडवा हात. रसवांगी नको, भात नको. "मला ताक पुरे," म्हणाले आणि उठले.

स्वयंपाकघरात कमलानं डोक्याला हात लावला. "अहो, दोपारीं ते केवढे जेवले, आतां पानाकडे पाहत नहींत. आपलं कांहीं चुकलं. त्यांस हा संबंध नको जाला."

"त्यांचं पोट भरलं असेल."

"तुम्हांस कांहीं कळत नहीं."

शैलजानं जावयाला फोन लावला. तो म्हणाला, आमच्या अप्पांनी जेवणाला नाही म्हटलंय असं आजवर झालेलं नाही, काहीतरी बिनसलंय. शैलजा रडायलाच लागली. मला तिच्याकडे बघवेना. पण व्याह्यांचा शर्ट तेवढा शोधून दिला की सगळं निस्तरेल, अशी माझी खात्री होती. मी कपाट उघडलं. निळ्या पट्ट्यांचा एक शर्ट, लहान केलेला. त्याच्याखाली आणखी एक, तोही लहान केलेला. म्हणजे माझे दोन्ही इथे. मग बाहेर व्याह्यांच्या अंगावर आहे तो कुणाचा?

मोजणीत आपलं क्षेत्र असं वाढून निघालं की त्याचा अर्थ एकच असतो. आपण शेजाऱ्याच्या शेतात शिरलेलो असतो!

मी धावत बाहेर गेलो. पण गुरुराजरावांनीच आधी तोंड उघडलं.

"संबंधी, लग्न पुढें घेऊं. डॉक्टर बोलले होते, गोड सोडा, मी ऐकलों नहीं. सकाळीं हाच शर्ट बेस बसत होता. एका जेवणांत एवढा फुगलों तर लग्नापर्यंत काय होईल? आधीं मी वजन उतरवतों."

"तुम्ही फुगलां नहींत हो. शर्ट मीच लहान केला. दोपारीं, मशीनवर."

त्यांचे डोळे पाणावले.

"केवढं मोठं मन तुमचं. माझी लाज राखण्यास खोटं बोलतां."

"खोटं नहीं, शप्पथ!"

"सर्वे खात्यांतला माणूस शर्ट शिवतो कीं?"

मी जितकं सांगत गेलो तितका त्यांना माझा मोठेपणा पटत गेला आणि लग्न लांब लांब जाऊ लागलं. तेवढ्यात दारात कमला दिसली. तिनं सगळं ऐकलं होतं. व्याह्यांशी ती कधी मान वर करून बोलत नसे. ती म्हणाली, "तो शर्ट काढा."

गुरुराजरावांनी निमूट काढला. तिनं तो उलटा करून त्यांच्यापुढे धरला. आत लालभडक टीप, कुठे काखेकडे गेलेली, कुठे कमरेकडे परत आलेली. व्याह्यांनी ती वरपासून खालपर्यंत नीट पाहिली.

"हें तुम्ही शिवलं?"

"हो."

"डोळे उघडे ठेवून?"

"हो."

त्यांनी पोट भरून श्वास घेतला. मग कमलाकडे वळून म्हणाले, "वहिनी, रसवांगी उरली अहे कीं?"

शैलजा रडता रडता हसायला लागली आणि माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी मंडपाला होकार दिला. माझ्या मेहुण्यानं त्यांना नवा शर्ट पाठवला, तो त्यांनी परस्पर कोइमतूरला मागवून घेतला.

लग्न थाटात झालं. मानपानाच्या वेळी व्याह्यांकडून मुलीच्या बापाला कपडे यायचे होते. इतरांच्या ताटांत शर्टाचं कापड होतं. माझ्या ताटात फक्त एक जरीकाठी वेष्टी, म्हणजे धोतर. गुरुराजराव भर मंडपात माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "संबंधी, हिला शिवण नहीं."

वेष्टी मला चांगली वीतभर लांब होते. मी ती तशीच नेसतो आणि अडखळलो तरी कुणाला काही सांगत नाही.